पहिली चिगळी

आमच्या अक्काचं पोलकं मला कधी झालं नाही, आणि माझं तिला. एका आईबापाच्या पोटच्या आम्ही दोघी. नाक एक, कपाळ एक, राग आला की डावी भुवई वर जायची खोडसुद्धा एकच. पण शिंप्याकडे दोघींची मापं एकाच दिवशी दिली तर तो टेप गळ्यात तसाच ठेवून विचारायचा, "या दोघी सख्ख्या?" अक्का उभी राहिली की चौकटीला डोकं लागेल की काय असं वाटे, खांदे रुंद, दंड घट्ट, अंग वरपासून खालपर्यंत सरळ. मी तिच्या खांद्याला लागते. उंचीत जे राहून गेलं ते देवानं कमरेखाली भरून दिलं. आमचे हे होते तोवर म्हणायचे, तुझ्या अक्काला माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागत नाही आणि तुला बसायला गादी लागत नाही. असल्या बोलण्याला मी कधी हसून दाद दिली नाही, पण खोटं नव्हतं ते.

फरक पडला तो वाढण्यात. अक्का गावात वाढली, मी बेंगळुरात. आप्पा चिकोडीकडच्या एका खेड्यातून इकडे येऊन कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि के. आर. पुरमला स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड थाटलं. मी झाले तेव्हा आई फार आजारी पडली. अक्का तीन वर्षांची. आप्पांची थोरली बहीण, आमची आत्ती, तिला मूलबाळ नव्हतं. ती आली, अक्काला कडेवर घेतलं आणि म्हणाली, चार महिने नेते, शांता बरी झाली की आणून सोडते. ते चार महिने काही संपले नाहीत. आणायला गेलं की आत्ती डोळ्याला पदर लावायची, आणि अक्का स्वतःच म्हशीमागे लपून बसायची. दोनदा आप्पा रिकाम्या हातांनी परत आले. आईनं फक्त मला जेवायला घालायला सुरुवात केली.

हे मला पुढे फार उशिरा कळलं, की आई मला दोघींचं जेवण घालायची. सकाळी दोसा, वर लोण्याचा गोळा. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून मधल्या सुट्टीत घरी बोलावून तूपभात. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आप्पा बेकरीतून गोड बन आणत, त्यातले दोन माझे. उन्हात खेळायचं नाही, काळी पडशील. पाणी नळाला, नळ दारात. संध्याकाळी मी रेडिओपाशी मांडी घालून बसायची ती जेवायलाच उठायची, आणि उठले की आई म्हणायची, पोर दमली. मी कशानं दमले होते देव जाणे. शेजारच्या जयम्मा, कोलारकडच्या, मोठ्या मायाळू बाई, त्या भिंतीवरून माझे गाल ओढून म्हणायच्या, "शालन नम्म बेण्णे मुद्दे." शालन मी, आणि बाकीचं म्हणजे आमचा लोण्याचा गोळा. मला ते कौतुक वाटे. आज कुणी म्हणून बघावं.

मे महिन्यात आम्ही गावी जायचो तेव्हा अक्काचा दिवस मी डोळ्यांनी बघितलेला आहे. उजाडायच्या आत ती उठलेली असे. शेण काढून झालं की डोक्यावर एक आणि काखेत एक अशा दोन घागरी घेऊन ओढ्याकाठच्या विहिरीच्या तीन खेपा. मग जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक पोटात घालून, शाळा चालू असली की दोन मैलांवरच्या शाळेत, तेही अनवाणी. आल्यावर आत्तीबरोबर मिरचीच्या रानात खुरपायला. मी एकदा हौसेनं छोटी कळशी डोक्यावर घेतली. दहा पावलं गेले आणि पाणी सगळं माझ्या फ्रॉकवर. अक्का खाली बसून हसली आणि मग माझी कळशी, तिच्या दोन घागरी, सगळं घेऊन माझ्यापुढे चालायला लागली. तिच्या पोटऱ्या मागून दिसत होत्या, लाकडासारख्या. मला वाटलं होतं, मोठी झाले की आपोआप माझ्याही तशा होतील.

मोठी मी झाले, पण ते असं झालं की अकरावं संपून बारावं लागलेलं होतं आणि एका सकाळी मी परसातून आईला हाक मारली. आई आली, बघितलं, आणि माझ्याकडे बघायचं सोडून दाराची कडी लावली. जवळ घेतलं मला तिनं, नाही असं नाही. कसं बसायचं, काय वापरायचं, सगळं हळू आवाजात सांगितलं. घरातली एक जुनी निळ्या फुलांची चादर फाडून तिच्या घड्या करून दिल्या. पण तिचा चेहरा मात्र उतरलेला. "कुणाला बोलायचं नाही," म्हणाली. "शाळेत नाही, जयम्माला नाही. गावाकडं तर नाहीच नाही." मला वाटलं माझंच काही चुकलं. मग तिनं सांगितलं, "अक्काचं अजून नाही गं."

आमच्यात पहिलं न्हाण म्हणजे लपवायची गोष्ट नव्हती. मुलीला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, ओटी भरायची, शेजारणी गोडधोड घेऊन यायच्या. पण थोरलीचं आधी, धाकटीचं मागून. हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ. अक्का चौदाची झाली होती. गावात तिच्याबरोबरीच्या दोघींची लग्नंसुद्धा ठरली होती. त्याच आठवड्यात आत्तीचं पत्र आलेलं, गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, त्यामुळे आडवळणानं: पोरीचं अजून काही नाही, बायका विचारतात, वैदूचा काढा चालू केला आहे. आईचा हिशोब सरळ होता. धाकटीचं झालं हे गावात कळलं की थोरलीत खोट आहे यावर शिक्कामोर्तब. मग ते लेबल पोरीच्या कपाळावरून कुणी काढायचं? म्हणून माझं न्हाण चादरीच्या घडीत गेलं.

तीन महिने निभावलं. आणि मग न कळवता आत्तीच अक्काला घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

अक्काला बघून मी चरकले. उंच आणखी झाली होती, पण वाळून गेली होती. ओठांच्या कोपऱ्यांत फोड. आत्तीनं ट्रंकेतून आधी कपडे नव्हे, बाटली काढली. काळा काढा, बूच काढलं की खोलीभर हिंगाचा आणि आणखी कशाचा तरी उग्र वास. सकाळ-संध्याकाळ पेलाभर. वर पथ्य: गोड बंद, दही-ताक बंद, दूध बंद. "जिवाला घोर लागलाय बघ शांता," आत्ती म्हणाली. "पानोठ्यावर बायका त्वांडावर इचारत्यात. तुमच्या हितल्या डॉक्टरणीला दावू म्हटलं. तिनं बी न्हाई म्हटलं तर मग पोरीचं काय करू मी?" ती वाईट बाई नव्हती. आमच्या आईपेक्षा तिचा जीव अक्कावर जास्त होता की कमी, हे मला आजही सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं तो पेला तोंडाला लावला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी समोर बसून लोणी लावलेला दोसा खात होते. तो दोसा मला गिळवेना. तरी गिळला, हेही सांगून टाकते.

आणि नेमकी त्याच दिवशी माझी तारीख आली. आईनं डोळ्यांनीच खुणावलं. चादरीच्या घड्या एरवी चुलीमागे वाळायच्या, पण आत आत्ती होती, म्हणून धुऊन परसातल्या तारेवर घातल्या आणि वरून स्वतःचं लुगडं पसरलं. आईला वाटलं झाकलं. पण वारा कुणाचं ऐकतो? भिंतीपलीकडे जयम्मा मिरच्या वाळवत होत्या. बायकांच्या नजरेला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. आईची कापडं आप्पांच्या जुन्या धोतराची, पांढरी, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत. निळ्या फुलांच्या नव्या घड्या म्हणजे घरात नवी कुणीतरी. आणि काल संध्याकाळीच तर थोरली लेक आलेली, चौदा वर्षांची, ताडमाड. जयम्मांनी क्रमानं विचार केला, जसा कुठल्याही शहाण्या बाईनं केला असता.

दुपारी मला त्यांच्या उखळातले घाव ऐकू येत होते. धप, धप, एका लयीत. मला वाटलं चटणी असेल. चारच्या सुमारास दारात तीन बायका. जयम्मा पुढे, जरीकाठी साडी, हातात आरतीचं तबक. मागे त्यांची जाऊ आणि कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी. एका ताटात सुकं खोबरं, गूळ, खारका, तुपाची वाटी, आणि मधोमध चिगळीचे गोळे. तीळ आणि गूळ तेल सुटेपर्यंत कुटून चिगळी करतात. मुलगी मोठी झाली की इकडे पहिल्यांदा तीच तोंडात घालायची रीत. आईच्या हातातलं सूप खाली पडलं. जयम्मांना ते आनंदानं पडलं असं वाटलं. त्यांनी कोपऱ्यातला पाट स्वतःच ओढला, अक्काचा हात धरला आणि "कूतुको मगळे," बस बाळ, म्हणत तिला पाटावर बसवलंसुद्धा.

त्या क्षणी खोलीत जिला तिला वेगळीच गोष्ट माहीत होती. जयम्मांना वाटत होतं अक्का मोठी झाली. आत्ती परसाच्या दारात उभी. तिला वाटलं आज सकाळीच झालं असेल, लाजून पोर बोलली नसेल, आणि तिनं दोन्ही हात जोडून भिंतीवरच्या देवांकडे बघितलं. तिचा चेहरा इतका उजळला की बघवेना. आईला आणि मला खरं माहीत. आणि अक्काला एवढंच माहीत की आपलं काही झालेलं नाही. आई बोलली असती तर मी उघडी पडले असते आणि अक्का कायमची शिक्क्याची. न बोलली असती तर निदान तो काढा तरी सुटला असता. पण मग आत्ती गावी जाऊन पेढे वाटणार आणि महिन्याभरात स्थळं बघणार, हेही तितकंच खरं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्यानं दोन्हीतलं एकही होईना. मी तर खांबाला घट्ट धरून होते.

जयम्मांनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तिघींनी मिळून आरतीचं एक कानडी गाणं म्हटलं. मग चिगळीचा एक गोळा उचलला. "स्वल्प बायि तेगी," जरा तोंड उघड. अक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग परसाच्या दारातून तारेकडे बघितलं. लुगडं वाऱ्यानं सरकून निळी फुलं दिसत होती. पुन्हा माझ्याकडे. डावी भुवई वर गेली. आणि तिनं तोंड उघडून तो गोळा खाल्ला. सावकाश, डोळे मिटून, शेवटच्या तिळापर्यंत चघळून खाल्ला. मी मनात म्हटलं, झालं, आता ती काही बोलत नाही.

मग ती उठली. मला खांबापासून ओढून आणलं आणि पाटावर दाबून बसवलं. "मला न्हाई," ती आत्तीकडे तोंड करून म्हणाली. "हिला आलंय. ह्यो पाट हिचा." मग जयम्मांना कानडीत तेच सांगितलं, म्हणजे कुणाचा काही घोटाळा राहू नये. "आणि आत्ती, आता मी काढा पिनार न्हाई. मला काय बी झालेलं न्हाई. व्हईल तवा व्हईल."

आत्तीनं जोडलेले हात सोडले. जयम्मांनी तबक खाली ठेवलं. मग त्या जे म्हणाल्या ते मी विसरलेली नाही: त्यांच्या थोरल्या बहिणीलाही सोळा उलटल्यावरच आलं होतं, रागीच्या रानात राबणारी बाई ती, पुढे पाच मुलं झाली. एवढं बोलून त्यांनी मला कुंकू लावलं, आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मी रडत होते. मला चिगळी भरवली ती दुसरी.

दुसऱ्या दिवशी आई आयुष्यात पहिल्यांदा आत्तीच्या पुढे चालली. आम्हा दोघींना एकेका हाताला धरून तिनं स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं आणि मग दोघींना एकच प्रश्न विचारला: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता, काय खाता? अक्काचं सांगून संपेना. माझं दोन मिनिटांत आटपलं, त्यातही अर्धं खाण्याचंच होतं. बाई हसल्या. म्हणाल्या, "ही खाते त्यातलं सगळं पाणी ओढण्यात आणि चालण्यात जातं. अंगात शिल्लक साठली की हिचंही येईल, तोवर ही उंच होत राहील. आणि ही धाकटी, हिच्या अंगात साठायला काही कमी नाही, म्हणून लवकर आलं. आता हिची उंची फार वाढायची नाही. दोघींत खोट कसलीच नाही." काढा गटारात ओता म्हणाल्या. हिला दूध द्या, अंडं द्या, घागरी कमी करा. सोळा पुरी होऊनही काही नसेल तर पुन्हा घेऊन या. आणि मला चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "तू मात्र रोज पळायचं." परतताना मला राग आला होता, पळायचा नव्हे, उंचीचा. अक्का म्हणाली, "असू दे की. उंचावरचं काय लागलं तर मला सांग." पुढची पन्नास वर्षं मी सांगतेच आहे.

आईनं तिला राहा म्हटलं. एकदाच म्हटलं, पण पानात तूप वाढता वाढता, मान खाली घालून. अक्कानं तूप वाढून घेतलं आणि म्हणाली, आत्ती एकटी पडेल. महिनाभर राहून गेली. त्या महिन्यात आईनं आमची पानं बदलली होती. लोण्याचा गोळा अक्काच्या दोशावर आणि मला नुसती चटणी. मी कुरकुरले नाही, असं म्हणायला आवडलं असतं. गावी गेल्यावर आत्तीनं पानोठ्यावरच्या बायकांना काय सांगितलं ते माहीत नाही, पण दोन घागरींची एक झाली आणि म्हशीचं सकाळचं दूध डेअरीला जायचं थांबलं. दीड वर्षानं अक्काच्या हातचं पत्र आलं. आडवळण नाही, मास्तर नाहीत. दोनच ओळी: माझं आलं, जयम्मांना सांगा, आता आणा. जयम्मांनी पत्र्याचा डबा भरून चिगळी दिली, आणि आई आणि मी तो मांडीवर घेऊन गावी गेलो. तोवर अक्का माझ्यापेक्षा हातभर उंच झाली होती. लग्न तिनं मॅट्रिक झाल्यावर केलं. दोन मुलगे, एक मुलगी, आणि अजून विहिरीवर जाते, मोटार असून.

आता मी महादेवपुराला लेकाच्या फ्लॅटमध्ये असते, सातव्या मजल्यावर. सून अनुजा पुण्याची, कंप्युटरवाली, गुणी मुलगी. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. ती दाराची कडी लावण्याची पद्धत मी ओळखली. "आई, रेवाचे पीरियड्स सुरू झालेत. दहाची आहे हो फक्त. इतक्या अर्ली? काही प्रॉब्लेम नसेल ना?" मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव, जरूर दाखव, पण आधी दार उघड. दाखवलं; सगळं ठीक आहे म्हणाले. नात माझी शाळेच्या बसनं जाते, लिफ्टनं येते आणि संध्याकाळी सोफ्यावर मांडी घालून मोबाईल बघते. तिच्याकडे बघितलं की मला रेडिओपाशी बसलेली मी दिसते. रागवायचा मला काय अधिकार? मी तिला रोज संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला नेते. ती म्हणते, आजी, तू हळू चालतेस. मी म्हणते, मग तू पळ.

अक्काला फोनवर सांगितलं तर चौथ्या दिवशी ती के. आर. पुरमला गाडीतून उतरली. सत्तरीची झाली, पाठ अजून ताठ. बॅग लेकाला धरू दिली नाही. रेवानं आधीच बजावून ठेवलं होतं, फंक्शन-बिंक्शन काही नको हं आजी. अक्का म्हणाली, "नको तर नको. पाट बी नको. खायला तर चालंल न्हवं?" आणि पिशवीतून डबा काढला. स्वतः कुटलेली चिगळी. आम्ही चौघी सोफ्यावर ओळीनं बसलो. अक्कानं पहिला गोळा उचलला, रेवानं हसत तोंड उघडलं, आणि अक्काचा हात तिच्यासमोरून वळून माझ्या तोंडापाशी आला.

"ही आधी हिची," ती रेवाला म्हणाली. "पाटावर मी बसलो आणि हिची पहिली चिगळी मीच खाल्ली. कळलं व्हतं मला, तरी खाल्ली. तीन महिनं गोड न्हवतं लागलं तोंडाला."

पन्नास वर्षांत हे ती एकदाही बोलली नव्हती. तिळांना जरा जास्त भाजल्याचा वास होता. माझं तोंड भरलेलं होतं.